ताट वेगळं, हवा एकच

घाटंजी, ८ जानेवारी २०२४

चि. सौ. नलूस, दादाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

फोनवर बोलायले गेलो की खोकला मधीच येते, म्हणून पत्र. नलू, माझा बेडका तपासला, टीबी निघाला. कालपासून गोळ्या सुरू आहेत. मले माझी चिंता नाही. चिंता आहे ती आम्रपालीची. रवीची ही पोर आता कुठं रांगायले लागली.

पण बंदोबस्त पक्का केला आहे. माझं ताट, गिलास वेगळा. सूनबाई ममता ते राखेनं घासून उन्हात ठेवते. थंडी मोठी, म्हणून खिडकीत बारदाना कोंबून सगळे एकाच खोलीत निजतो. पाळणा समोरच्या भिंतीशी आहे, माझ्यापासून लांब.

सर्वांची खुशाली कळव.

तुझा दादा, श्रावण

पुसद, १३ जानेवारी २०२४

ती. दादास, धाकट्या बहिणीचा सविनय जयभीम.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. तेच पत्र घेऊन इथल्या सरकारी दवाखान्यात गेले आणि डॉक्टरीणबाईले वाचून दाखवलं. त्या मलेच रागावल्या! म्हणाल्या की तुमच्या दादांनी ताट वेगळं केलं अन् हवा एकच ठेवली. हा रोग उष्ट्यातून जात नाही. खोकल्यातून उडालेले बारीक थेंब बंद खोलीत तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासात शिरतात. तो बारदाना आजच काढ. ओसरीवर खाट टाक, तोंडाले रुमाल बांध, पांघरूण जास्तीचं घे. ताटाचं कौतुक पुरे झालं.

जंतू शिरला म्हणजे माणूस आजारी पडलाच, असंही नाही. रानडुकरांसाठी तू शेतात जागलीले बसतो, तसे अंगातले राखणदार जंतूले घेरून बसतात, वर्षानुवर्षं कोंडून ठेवतात. वय झालं, पोटात कमी गेलं, की त्यांले डुलकी लागते. लेकराचे राखणदार तर अजून शिकाऊ. म्हणून आम्रपालीले आधी तपासून आणा, मग रवी-ममतानंही तपासून घ्यावं.

लघवी केशरी दिसली तर घाबरू नको, ती गोळीची करामत आहे. गोळी चुकवली तर मात्र येऊन भांडीन.

तुझी, नलू

घाटंजी, ९ मार्च २०२४

चि. सौ. नलूस, दादाचा जयभीम.

बेडका साफ आला! गोळ्या अजून बरेच महिने घ्यायच्या आहेत, त्या घेईनच. तुझ्या भांडणाचं भेव आहे. रवी-ममता चांगले आहेत. आम्रपालीतही काही निघालं नाही, तरी पुढं होऊ नये म्हणून तिले औषध सुरू आहे. अर्धं ती पिते, अर्धं बापाच्या सदऱ्यावर थुंकते. बाई, तू त्या दिवशी दवाखान्यात गेली नसती तर काय झालं असतं, हे मनात आणवत नाही. तुझे उपकार कसे फेडू?

काल डॉक्टरांनी आम्रपालीले उचलून घ्यायची मोकळीक दिली. एवढे दिवस तिनं मले लांबूनच पाहिलं, तेही रुमाल बांधलेला. उघडं तोंड पाहून असं भोकाड पसरलं की शेजारीण धावत आली. ममता हसून म्हणाली की मामंजी, तुम्ही पाहुणे झालात. मग पोरीनं माझा कान चाचपला, पडलेल्या दाताच्या खिडकीत बोट घातलं आणि तिले हसूच आवरेना.

आता खांद्यावर निजली आहे. सूनबाई दोनदा म्हणाली की पाळण्यात ठेवा. ठेवत नाही. एका हातानं लिहितो, म्हणून अक्षर वाकडं आलं, समजून घे.

माया अशीच राहू दे.

तुझा दादा, श्रावण