मेंदूचं पाणी

१२ जानेवारी

हिंमतरावांनी लेकीचा, डिंपलचा, मोबाइल कपाटात टाकून कुलूप लावलं. कारण — तिचं डोकं दुखतं. का दुखतं? गेम खेळते म्हणून! हे ज्ञान सुलतानपूरच्या आरोग्य शिबिरातलं. तिथे एक 'डॉक्टर' येतो. कसला डॉक्टर, कोणी विचारत नाही.

जेवताना हिंमतराव, माझे दीर, मला शिकवत होते. "वहिनी, गेमच्या उजेडानं मेंदूचं पाणी सुकते. अंगठ्याची नस सरळ मेंदूत जाते."

मी म्हटलं, मग वांगी चिरून चिरून पुष्पाचं कधीच सुकलं असेल.

"तुमी पुस्तकं वाचता. तो माणूस डोकं वाचते."

पुष्पा — माझी जाऊ — हसली. मला त्या अडाणीपणाची किळस आली.

१५ जानेवारी

बाटली आली! लेबलवर हेडफोन घातलेला मेंदू. आत मोहरीचं तेल, कापूर आणि काहीतरी कुजकं. सकाळी डिंपलला आडवी पाडून नाकात ओतलं. ती ओकली.

"पाहा, घाण निघून राह्यली," हिंमतराव म्हणाले. पोरगी ओकते आहे आणि बाप समाधानी!

पुष्पा म्हणाली, तेल नव्हतं तेव्हाही सकाळीच ओकली होती. मी म्हटलं, उपाशीपोटी चहा घेत असेल.

१६ जानेवारी

घरभर तोच वास. माझ्या पुस्तकांनासुद्धा.

१९ जानेवारी

शिबिर आज आमच्या लोणारलाच. गेले. बघायलाच गेले.

सभागृह भरलेलं. मुलं पुढे, खाली बसलेली, गुन्हेगारांसारखी. 'डॉक्टर' कोट घालून. "ज्या पोरी गेम खेळतात त्यांले पुढं लेकरू होत नाही." बायका पोरींकडे बघू लागल्या. एकीने तिथेच मुलीच्या पाठीत धपाटा घातला.

मग त्याने एक काळी फिल्म खिडकीशी धरली. मेंदूचे फोटो. एका ठिकाणी पांढरा ढग. काठी टेकवून म्हणाला, "हे गेमनं सुकलेलं डोकं. पोरगा गेला!"

फिल्मचा एक कोपरा अर्धगोल कापलेला होता.

तो मी ओळखते. ग्रहणाच्या दिवशी शेजारच्या मुलांना सूर्य बघायचा होता. ह्यांच्या फिल्मचा तुकडा कापायला कात्री मीच दिली. ह्यांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पुढे ती फिल्म रद्दीत गेली.

मी उभी राहिले. म्हटलं, हा माझ्या नवऱ्याचा मेंदू आहे. त्यात गाठ होती. ते शेतकी खात्यात होते. मोबाइलवर त्यांना फोनसुद्धा नीट लावता येत नसे.

मग मागून कोणीतरी म्हणालं —

"बापा! म्हणजे अर्जुनराव बी खेळत होते?"

२० जानेवारी

भाजीवाल्या इमामबीने मेथी तोलता तोलता हळूच विचारलं, "मॅडम, सायब कोन्ती गेम खेळत होते वो?"

मेथी न घेताच आले.

२२ जानेवारी

हिंमतरावांना हाताला धरून रद्दीवाल्या शाकिरकडे नेलं. म्हटलं, सांग ह्यांना.

"हाव, डॉक्टर सायबच घेऊन गेले. मी त्याह्यले छातीचे, पायाचे, सगळे दाखवले. म्हने डोक्याचेच दे. काऊन, काही लफडं झालं का?"

सख्ख्या भावाचं डोकं हिंमतरावांनी स्वतः दोनदा पाहिलं होतं, शिबिरात, पुढच्या रांगेतून. दवाखान्यातही पाहिलं होतं. ओळखलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी बाटली नालीत ओतली. मोबाइल डिंपलच्या पुढ्यात ठेवला. मी तिला म्हटलं, तुला काहीही झालेलं नाही. खेळ.

"मोठी आई, पण डोकं तर दुखतेच."

आता नाही दुखणार. तेल थांबलं ना!

२६ जानेवारी

सुट्टी. डिंपल माझ्या खोलीत खेळत बसली होती. मान एका बाजूला कलती. मी म्हटलं, सरळ बस, नाहीतर तुझा बाप आणखी एक बाटली आणेल.

"कलती केली की बरं दिसते. नाही तं दुश्मन दोन-दोन दिसून राह्यले."

मग दोन-दोन मार! — मी म्हटलं. दोघी खूप हसलो.

त्या ढोंग्याचा मुक्काम आता हिवरा आश्रमच्या बाजूला हललाय म्हणे. तिथेही गर्दी. डोकं दुखलं की गेम, पाठ दुखली की गेम, लग्न जमलं नाही की गेम! माणसांनी विचार करणं कधी सोडलं? यावर वर्तमानपत्रासाठी लेख लिहिते आहे. दोन परिच्छेद झाले. चांगले झालेत.

३ फेब्रुवारी. बुलढाणा.

डिंपल शाळेच्या पायरीवर कोसळली. इथे दवाखान्यात आणलं.

तिच्या डोक्याच्या फिल्मचं पाकीट मिळालं. हिंमतरावांनी ते न उघडता माझ्याकडे दिलं. "वहिनी, तुमीच पाहा. तुमाले समजते."

फिल्म खिडकीशी धरली. तोच पांढरा ढग. चारही कोपरे शाबूत.