शांततेची घोषणा

सोमवार, ३ नोव्हेंबर. दुपारी तीन.
ठरलं! आजपासून चार वाजता घरात शांतता. क्लास टीचरने बायकोला सांगितलंय की शाळा सुटल्यावर मुलांचं डोकं भणभणलेलं असतं, घरी जरा निवांत होऊ द्या. बायकोने मला आठवडा दिलाय. जमलं नाही तर पुढच्या सोमवारपासून दोघं शाळेतून थेट मावशीकडे. तिच्याकडे म्हणे मुलं निवतात. मेहुणी मुळात बोलतच नाही, त्यात तिचं काय कौतुक? साहेबांच्या हातापाया पडून मी सकाळची पाळी घेतली, ती चार वाजता दार उघडायला मीच असावं म्हणून. मला दिवसभरात तेवढंच आवडतं. ते दार मी सोडणार नाही. बसस्टँडवर माझ्या एका घोषणेने अख्खी गर्दी बरोबर फलाटावर जाते. इथे तर दोनच पोरं आहेत.

संध्याकाळी सहा.
पडदे ओढले होते, निळा बल्ब लावला होता, दोन चटया अंथरल्या होत्या. दार उघडताच स्वागताची घोषणा केली. धाकट्याच्या हातून पाण्याची बाटली पडली. मग थोरलीने लाल चटई घेतली म्हणून त्याने भोकाड पसरलं. प्लॅन उत्तम आहे. चटया एका रंगाच्या हव्यात.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
दीर्घ श्वसन. घ्या, रोखा, सोडा, सगळं मीच सांगत होतो. दोनदोनदा, नीट कळावं म्हणून. मध्येच खालच्या मजल्यावरचे काका वर आले. म्हणाले, सोडा कधी म्हणताय, आम्ही केव्हाचे श्वास रोखून बसलोय. मुलं लोळून हसली, मग एकमेकांना चावली. या बिल्डिंगचं बांधकामच हलकं आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर.
आजचा विषय, मन मोकळं करणे. बूट काढतानाच विचारलं, दिवस कसा गेला, डबा का उरला, कोणाशी भांडलात, चिडचिड नेमकी कुठे होते, डोक्यात की पोटात. थोरली कपाटात जाऊन बसली. एकांत चांगलाच. मी बाहेरून मार्गदर्शन चालू ठेवलं. रडतच बाहेर आली. रडल्याने स्ट्रेस जातो, असं बायकोला समजावलं. तिने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.
समुद्राच्या आवाजाने मन रिलॅक्स होतं. रेकॉर्डिंग कशाला? घरात कलाकार आहे. लाटा, वारा, बोटीचा भोंगा, सगळं काढलं. धाकटा बोट झाला, सोफ्यावरून सुटला, निळ्या बल्बला जलसमाधी मिळाली. घसा खवखवतोय. बायको बहिणीशी फोनवर दार लावून बोलली. दार लावलं म्हणजे अजून पक्कं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर.
आवाज गेला. ठार. स्टँडवर कॅशियरने घोषणा केल्या. डॉक्टर म्हणाले, एक अक्षर बोलायचं नाही. चार वाजता दार उघडलं आणि नुसता उभा राहिलो. आज काय करायचं, असं थोरलीने घाबरतच विचारलं. मी खांदे उडवले. दोघं टेबलाखाली जाऊन केळी खात बसली.

बऱ्याच वेळाने धाकटा माझ्या मांडीवर डोकं ठेवून आपणहून सांगू लागला. शेवटच्या तासाला शेजारच्या वर्गात बँडची प्रॅक्टिस असते. घरी येईपर्यंत कान वाजत राहतात. मग कोणी प्रेमाने बोललं तरी ओरडल्यासारखं वाटतं. मला भरून आलं. सांगायचं पुष्कळ होतं, आवाज नव्हता. त्याच्या केसांतून हात फिरवत राहिलो. बायको आली तेव्हा तिला वाटलं, घरात कोणीच नाही.

निष्कर्ष: पडद्यांचा परिणाम हळूहळू होतो.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
बायकोने बहिणीला नको म्हणून कळवलं. मुलं माझ्याकडेच! थोरलीला खुणेने विचारलं, माझी पद्धत कशी वाटली? म्हणाली, अशीच राहू दे. अखेर चिकाटीचं चीज झालं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. सकाळी.
आवाज परत आला. खणखणीत. स्टँडवर कामाला लागलो. घरी सांगितलेलं नाही. भीतीने नव्हे, घशाची काळजी म्हणून.

संध्याकाळी सहा.
खुणांनीच स्वागत केलं. दोघं टेबलाखाली गेली. मीही शिरलो. थोड्या वेळाने धाकट्याने माझ्या कानाला तोंड लावलं. त्यांची शाळेची बस स्टँडवरूनच जाते. सकाळी दोघांनीही माझा आवाज ऐकला. पण ते आईला सांगणार नाहीत. फक्त मीही घरी तो कोणाला ऐकवू नये, एवढंच.