हळदीच्या पंजावरचा आकडा

२८ ऑगस्ट, गुरुवार
बारदान खोलीतला पहिला दिवस. फाटकी पोती इकडे, धड पोती तिकडे. एकतीस वर्षं या राईस मिलची मशीन सांभाळली, आता पोती सांभाळा नामदेवराव.

लॉगबुक परवाच काढून घेतलं. रोज संध्याकाळी मशीनबद्दल चार ओळी लिहायची सवय, हात ऐकत नाही. म्हणून ही वही. यात मशीनही येईल आणि पराग साहेबही येईल. (यापुढे प.सा. पूर्ण नाव लिहिण्याएवढी शाई नाही माझ्याकडे.)

काय झालं ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे राग थंड झालाच तर वाचता येईल. एलेव्हेटरचं, म्हणजे धान वर चढवणाऱ्या पट्ट्याचं, वरचं बेअरिंग तापत होतं. मी उलटा हात लावला. माझी पद्धत तीच. तीन मोजेपर्यंत हात टिकला तर चालू द्यायचं, नाही टिकला तर बंद करायचं. मला एकसुद्धा मोजता आला नाही. प.सा. हा नागपूरहून आलेला नवा इंजिनिअर. त्यानं दारातूनच ती टेंपरेचरची बंदूक रोखली, शाफ्टवर, म्हणजे बेअरिंगमधून फिरणाऱ्या दांड्यावर, लाल ठिपका पाडला आणि कामावरच्या सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इकतालीस! काका, हाथ से नहीं, मशीन से नापते हैं. आपका हाथ बूढ़ा हो गया."

बाया हसल्या. तिसऱ्या दिवशी बेअरिंग जाम, पट्टा जळाला, मिल दोन दिवस बंद. रिपोर्टात काय लिहिलं? "फिटरने ग्रीस दिले नाही." खाली प.सा.ची सही. सेठनी वाचलं आणि मी पोत्यांत.

ग्रीस मी दिलं होतं. सोडणार नाही त्याला. त्याच बंदुकीनं त्याला उताणा पाडीन.

७ सप्टेंबर, रविवार
गोंदियाच्या मार्केटमधून तशीच बंदूक आणली. बायको, मंदा, म्हणाली, "कोरोना परत आला का? हे कायले आनलं?" तिला म्हटलं, कपाळाची नाही, मशीनची आहे.

दिवसभर स्वयंपाकघरात बसलो. तवा दाखवला, बरोबर वाटलं. चुलीवर गुंडात, म्हणजे पाण्याच्या मोठ्या भांड्यात, पाणी खळाखळा उकळत होतं, स्टीलच्या चकचकीत पोटावर ठिपका पाडला तर ३९! पुन्हा पाडला. ३८. पाणी उकळतंय आणि बंदूक म्हणते कोमट. मला वाटलं फसलो, दुकानदारानं डबडं दिलं.

मंदा वैतागली. "त्या काळ्या बुडाले दाखवा नं, अन् मले स्वयंपाक करू द्या." काजळी धरलेल्या बुडाजवळ रोखली. ९६.

मग डब्यातला कागद काढला. बारीक अक्षरं, भिंग लावून वाचली. प्रत्येक तापलेल्या वस्तूतून न दिसणारी धग बाहेर पडते, बंदूक ती भिंगातून गोळा करते आणि आकडा काढते. हात लावावा लागत नाही तो यामुळे. पण तिनं एक धरून चाललेलं असतं, की समोरची वस्तू मळकी, काळपट, खरखरीत आहे. चकचकीत धातू आपली धग आत ठेवतो आणि दुसऱ्याची परत फेकतो. म्हणजे गुंडात बंदुकीला पाणी नाही दिसलं. चूल फुंकणारी मंदा दिसली आणि मी दिसलो.

लाल ठिपका तर नुसता दाखवायला. मोजते ती त्याच्याभोवतीचा अख्खा गोल, आणि जितकं लांब उभं राहाल तितका गोल मोठा. प.सा. कपड्याला तेल लागू नये म्हणून दारात उभा राहतो.

शाफ्ट घासून चकचकीत केलेला होता. मीच केला होता. म्हणून ४१. माझा हात म्हातारा नाही झाला.

आनंदानं मंदाचं कपाळ मोजलं. तिनं लाटणं उगारलं.

९ सप्टेंबर
सेठकडे गेलो, कागद घेऊन गेलो. त्यांनी वाचलाच नाही. "नामदेव, पुरानी बात है, अब छोड़ो. पराग जी पढ़े-लिखे हैं."

ठीक आहे. खरं सांगायला गेलो होतो, आता सांगणार नाही. आता वाट पाहीन.

२७ सप्टेंबर, शनिवार
दसरा आला. प.सा.ला मिल चकाचक हवी. मशीनला सिल्व्हर रंग द्यायचा, सगळ्या बेअरिंगच्या घरांना पण, कारण एकतीस वर्षांचं तेल आणि धूळ बसून ती काळीकुट्ट झालीत. रंगाचे डबे बारदानातच ठेवलेले. मागायला स्वतः आला.

"काका, कितने डिब्बे हैं?"
"हवे तेवढे न्या साहेब. दोन-दोन हात मारा."

पावतीवर मी सही केली. सही करताना मला गुंड आठवत होता. हे इथे लिहून ठेवतो, कारण उद्या मी स्वतःलाच सांगेन की मला माहीत नव्हतं.

२ ऑक्टोबर, दसरा
पूजा झाली. मिल लग्नातल्या बँडवाल्यासारखी दिसते. सुकवारो, म्हणजे आमच्याकडे भुसा झाडते ती, दरवर्षी मशीनला हळदीचा पंजा लावते. तेल-हळदीत तळवा बुडवून मोठ्या ब्लोअरच्या बेअरिंगवर ठप्पकन उमटवला. हा ब्लोअर म्हणजे भुसा उडवून बाहेर फेकणारा पंखा. नव्या रंगावर पिवळाधमक पंजा.

प.सा.नं तोंड वाकडं केलं. सेठ समोर होते म्हणून पुसायला सांगितलं नाही.

११ ऑक्टोबर
प.सा.नं भिंतीवर तक्ता लावला. दसऱ्याआधीचे आकडे लाल शाईत, नंतरचे हिरव्या. सगळी मशीन वीस-वीस डिग्रीनं थंड! सेठनी पेढे वाटले. एक बारदानातही आला. खाल्ला, गोड होता.

पुढची अक्कल ऐका. मशीन एवढी थंड आहे तर ग्रीस आठवड्याला कशाला, महिन्यातून एकदा पुरे. नवा फिटर मान डोलावतो.

मी पोती रचतो आणि मनात हसतो. प.सा. आपल्या हातानं आपला खड्डा खणतोय आणि फावडं मी पुरवलं.

६ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत माझी बंदूक डब्याच्या पिशवीत घालून आत गेलो. ब्लोअरचं बेअरिंग. वीतभर अंतरावरून सिल्व्हर रंगावर ठिपका: ४६. तिथून चार बोटं बाजूला, हळदीच्या पंजावर: ७४.

तीनदा केलं. ४६, ७४. ४६, ७४. उलटा हात लावला, एकला काढावा लागला.

हळद मळकी, खरखरीत. ती खरं बोलते. एकाच लोखंडावर दोन आकडे, आणि दुसरा फक्त मला माहीत. नाचावंसं वाटलं. रोज मोजणार. जाम होऊ दे, जळू दे पट्टा. मग सेठला हाताला धरून तिथे नेईन आणि पंजा दाखवीन. रिपोर्ट मी सांगेन, लिहील प.सा.

८ नोव्हेंबर
पंजा ७६. तक्त्यावर ४६, हिरवा.

१२ नोव्हेंबर
८१. आवाजही बदललाय, दात खाल्ल्यासारखा. नव्या फिटरला ऐकू येत नाही की ऐकायचं नाही, देव जाणे. झोप छान लागते.

१६ नोव्हेंबर, रविवार
गोरेगावकडे बहिणीच्या गावी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, होती, मंदाला घेऊन गेलो. तिला राहवेना, तिनं विचारलं, तुम्ही एवढे खूश काऊन? सांगितलं सगळं. वाटलं हसेल.

"बंद पडन तवा तिथं कोनी उभं असलं तं?"
म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत तिथे कुणी नसतं. मी रोज जातो, मला माहीत आहे.


१८ नोव्हेंबर
सुकवारो बारदानात झाडायला आली. आपणहून सांगितलं, "भाऊ, साहेबाचा पंखा भल्ला कामाचा हाय. आमी आता डबे त्याच्यावरच ठेवून राहिलो. एक वाजता भात कसा गरमागरम! तुमी गेले का आमी तिथंच बसतो."



"तिथं बसू नका," मी.
"काऊन?"
"भुसा असते. नाकात जाते."
"भुसा तं साऱ्या मिलमंदी हाय. अन् तुमी बारदानातले, तुमाले पंख्याचं काय?"

काय सांगू तिला? खरं सांगितलं तर ती तासाभरात सगळीकडे करील, प.सा. ग्रीस देऊन मोकळा होईल, वर म्हणेल वेळेत पकडलं. आणि मी आयुष्यभर पोत्यांत. नाही सांगितलं तर पाच बाया भुशात बसून त्या बेअरिंगशेजारी जेवतात.

भात त्याच्यावर गरम होतो आणि तक्त्यावर ४७ लिहिलेलं आहे. या मिलमध्ये एकालाही प्रश्न पडू नये? त्या दिवशी माझ्या हाताला हसल्या होत्या, आता बसा म्हणावं. असं मनात आलं. आलं ते लिहिलं.

२० नोव्हेंबर
८९. दुपारी प.सा. ऑफिसात गेला तेव्हा ग्रीसगन हातात घेतली होती. चार दट्टे मारले असते तर निदान आठवडा निघाला असता. परत ठेवली. माझ्या ग्रीसवर त्याचा तक्ता हिरवा राहणार? जमत नाही. जीव गेला तरी जमत नाही.

जेवणाच्या सुट्टीभर तिथेच बसून राहिलो, बायांच्यात. सुकवारोनं भाजी दिली. कान बेअरिंगकडे.

मंदा म्हणते, उद्याच सांगा, नाहीतर मी मिलवर येऊन सांगते. येईल ती.

उद्या दहाला सेठचा राउंड आहे. ठरवलं. पण बंदुकीनं नाही, कागदानं नाही. प.सा.चा आपल्या आकड्यावर एवढा भरवसा आहे ना, तर हात लाव म्हणणार. सगळ्यांसमोर. भाजू दे. माझ्या हाताला म्हातारा म्हणाला होता, त्याचा तरणा किती टिकतो पाहू.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार


सकाळी पंजावर ९१ होतं. दहाला सेठ आले. प.सा. पुढे, नवा फिटर मागे, त्याच्यामागे मी, न बोलावता. ब्लोअरवर डबे मांडलेले, सुकवारो बाजूलाच झाडत होती. प.सा.नं दारातून ठिपका पाडला. "देखिए सर, अड़तालीस. एकदम ठंडा."

मी म्हणालो, "साहेब, अठ्ठेचाळीसवर हात टिकते. तीन मोजेपर्यंत. लावा."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. सेठ म्हणाले, "नामदेव, ये क्या है?" प.सा. हसला. त्याला वाटलं म्हातारा अजून हातातच अडकलाय. बाही वर सरकवली आणि पुढे झाला. स्वच्छ हात, एक चट्टा नाही त्याच्यावर. तळवा उघडला आणि नेमका हळदीच्या पंजावर न्यायला लागला, बोटावर बोट ठेवल्यासारखा.

तीन महिने याचीच वाट पाहत होतो. बोटभर अंतर उरलं आणि मी त्याचं मनगट धरलं.

हात तिथेच थांबला. लागला नाही. लागायची गरजच पडली नाही, बोटभर अंतरावरूनच त्याच्या तळव्याला धग कळली. त्याचा चेहरा पाहिला मी. सुकवारो ओरडली, "भाऊ, सोडा नं!"

सोडला. त्यानं बंदूक जवळ नेली, पहिल्यांदाच एवढी जवळ. सिल्व्हरवर ४८. पंजावर ९२. पुन्हा ४८, पुन्हा ९२. सेठनी वाकून दोन्ही वाचले. मीच ओरडलो, "बंद करा!" नव्या फिटरनं प.सा.कडे पाहिलं, मग स्वतःच बटण दाबलं. पंखा थांबायला बराच वेळ लागला. सुकवारोनं एकेक डबा पदरात धरून खाली घेतला.

सेठ म्हणाले, "कल दस बजे, दोनों ऑफिस में." जाताना थांबले. "ये सिल्वर किसने दिया था?" पावतीच्या फाईलमध्ये माझी सही आहे.

प.सा.च्या मनगटावर माझी चार बोटं लाल उमटली होती. गेटवर त्यानं ती मला दाखवली. मराठीत विचारलं, पहिल्यांदाच. "काका, तुम्ही ओढत होता की दाबत होता?"

मी सायकलवर बसलो.

घरी मंदाला सांगितलं, ओढला. तिनं मान हलवली, वाढलं. या वहीत आजवर खोटं लिहिलेलं नाही, म्हणून ते वाक्य इथे लिहीत नाही.