अधांतरी पाय

आर्णी, पोळ्यानंतरचा रविवार, ऑगस्ट २००६

प्रिय अश्वजित,

जयभीम. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फोनवर मी ज्या शिव्या दिल्या असत्या त्या कागदावर जरा सभ्य दिसतील, एवढाच तुझा फायदा.

तू कॉलेजात असताना काढलेली ती बिनआवाजाची कार्टून फिल्म आम्ही पोळ्याच्या संध्याकाळी गावात दाखवली. तुला बोलावलं तर म्हणालास, "सोड बे, पोरकटपणा होता तो." खरंय. आता तू शहाण्यासारखी कामं करतोस. कापसाच्या बियाण्याच्या पाकिटावरचं ते दात काढून हसणारं बोंड तुझंच ना? इथं भिंतीभिंतीवर ते हसतंय आणि शेतात बोंड धरायच्या आधीच कळी-पाती गळून पडतेय. त्यापेक्षा तुझा पोरकटपणा प्रामाणिक होता. त्यात बोंड उकललं की कापसाऐवजी कान निघायचा. चंद्र जिनिंगमध्ये घातला की सरकी उडून चांदण्या व्हायच्या. आणि एक माणूस डोक्यावर घर घेऊन या सगळ्यातून नुसता चालत राहायचा.

पुण्याहून पाहुणे आले होते. "कृषी-वेदनेचं प्रतीकात्मक भाष्य" समजावताना त्यांनी एवढा वेळ घेतला की लोकांना फिल्म सोपी वाटली. पडद्यावर बोंडातून कान निघाला आणि तांड्यावरच्या भावसिंगनं, पोळ्यात बैलांपुढं म्हणतात तशी, खणखणीत झडती टाकली:

"बोंडातून निघाला कान, कानात शिरली अळी,
सायेब म्हणते पीक झकास, वाजवा रे टाळी!"

मी वीस वर्षं वर्तमानपत्रात टोमणे लिहून पोट भरतो, पण असं एक सुचलं नाही. जळलोच. पाहुणे "शांतता, शांतता" करत होते. पोळ्याच्या दिवशी, तोरणाखाली बैल उभे करून एकमेकांची सालं काढणारी माणसं ती. शांत कायले बसतील?

घोळ झाला तो किसनरावमुळं. फिल्मचं मशीन तोच चालवत होता. झडतीला उत्तर मिळाल्याशिवाय बैल हलवायचा नाही, ही आपली रीत. त्यानं ती फिल्मलाही लावली. उत्तर येईस्तोवर रीळ हातानं धरून ठेवलं. आतला दिवा मात्र चालूच. पडद्यावर तो डोक्यावर घर घेतलेला माणूस थबकला, डावा पाय बाहेर फेकलेला, अधांतरी.

मागच्या बाजेवरून तुझी माय उठली. "अवं, हे त अश्वजितचे बाबा! पाय पाहा ना, असाच टाकत होते!"

अश्वजित, ती फिल्म मी कितीदा पाहिली असेल. तिच्यावर मोठे मोठे शब्द वापरून लेख लिहिला. तुझ्या बाबांची, उकंडाकाकांची चाल मला एकदाही दिसली नाही, आणि तूही कधी बोलला नाहीस. माय पडद्याकडे निघाली. तेवढ्यात दिव्याच्या धगीनं पायाशी तांबूस डाग उठला, फुगला, आणि काका सगळ्यांदेखत जळून गेले. लोकांना तो फिल्मचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या. पुढचं रीळ ओढताना पापडासारखं तुटलं. दुसरी प्रत नाही हे तूच सांगितलं होतंस. किसनराव तेव्हापासून घराबाहेर निघाला नाही. पाहुण्यांनी जाताना मला "अनुभव विलक्षण होता" म्हटलं. मी काय म्हटलं ते लिहीत नाही.

काका तर गेले, मागे त्यांचा एकही फोटो नाही, तुला ठाऊक आहे. माय रोज सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसते. चहा घेत नाही. एकच विचारते, "पंजाब, थे पुढं कुठं गेलते रे? पाय टेकला का त्यायचा?" मंत्र्यासंत्र्यांना तोंडावर उत्तर देणारा मी, तिचा प्रश्न तुझ्याकडं धाडतोय. ती चाल जगात आता फक्त तुझ्या हातात उरली आहे. तेव्हा लेका, भाष्य नको, सत्कार नको, हसरं बोंड तर नकोच. ये, मायसमोर बस, पेन्सिल काढ. चार-दोन चित्रं लागतील. तेवढा तो पाय खाली टेकव.

तुझाच, आणि म्हणूनच इतका चिडलेला,
पंजाबराव