खालच्या फळीवरची बाटली

३ मार्च, सोमवार

नवा आदेश! प्रयोगशाळेतल्या प्रत्येक वस्तूवर तेलरंगाने क्रमांक टाकायचा, ती हातात धरून फोटो काढायचा आणि एकतीस तारखेच्या आत सगळे फोटो वर पाठवायचे. प्रत्येक वस्तू म्हणजे परीक्षानळीसुद्धा. तीनशे बारा परीक्षानळ्या! ब्रश नळीपेक्षा जाड. मोठ्या सरांना तसं म्हटलं तर म्हणाले, "बाई, आदेश आहे." मुख्याध्यापक झाल्यापासून या माणसाला एवढं एकच वाक्य येतं.

शेवटी मागचं मोठं कपाट उघडायला घेतलं. त्याला एरवी कोण हात लावतंय? किल्ली फिरेना. शिपाईमामांनी दगड आणला आणि चार घाव घालून कुलूपच तोडलं. अख्खं कपाट हादरलं. वर झुरळं आणि फुटकी काचपात्रं. अगदी खालच्या फळीवर, कोपऱ्यात, तपकिरी काचेची एक बाटली. लेबल कसरीने अर्धं खाल्लेलं. किती उरलंय बघावं म्हणून कानाशी धरून हलवली. खडखड वाजली. आत पिवळे खडे, झाकणाच्या कडेलाही पिवळी पूड. पुसायला फडकं घेतलं तेवढ्यात घंटा झाली. उद्या पुसू म्हणून परत ठेवली.

४ मार्च

 अक्षर बघ कसं आलंय.

विज्ञानाच्या नव्या बाई आल्या होत्या भिंग न्यायला. पोरीसारखी पोर, नोकरीला लागून वर्षही झालं नाही. मी म्हटलं, "बाई, जरा हे लेबल वाचता का? मला बारीक अक्षर दिसत नाही." त्या वाकल्या. वाचलं. आणि तशाच, वाकलेल्याच, दोन पावलं मागे गेल्या.

"ताई, हिला हात लावलात?"

पिक्रिक आम्ल म्हणे. पाण्यात ओलं ठेवतात तोवर काही करत नाही. पाणी सुकलं की बॉम्ब. झाकण फिरवलं, बाटली आपटली, तरी पुरे. झाकणाच्या आट्यांत अडकलेली पूड तर सगळ्यात वाईट.

"हलवली नाहीत ना?"

"छे! बघितली नुसती."

खोटं बोलले. कानाशी धरून खुळखुळा वाजवावा तशी वाजवली, हे कोणत्या तोंडाने सांगू? आणि तो दगड! देवा रे. पुसायला झाकण धरलं असतं तर? घंटा वाजवायला मामांना दोन मिनिटं उशीर झाला असता तर?

५ मार्च

मोठ्या सरांना सांगितलं. आधी हसले. नव्या बाईंनी समजावलं तसे हसायचे थांबले. मग म्हणाले, "लेखी द्या."

लेखी दिलं. त्यांनी वाचलं आणि 'धोकादायक' शब्दावर बोट ठेवलं. साठ्याची नोंदवही मागवली. गेल्या मार्चचं पान. बाटली एक, प्रत्यक्ष पाहून पडताळणी केली, सुस्थितीत. खाली माझी सही.

त्याच्या आदल्या मार्चलाही तेच. त्याच्याही आदल्या. अकरा वर्षं! अकरा वर्षं मी कपाट न उघडता 'सुस्थितीत' लिहिलंय. सगळेच लिहितात. आधीच्या प्रयोगशाळा सहायकाने मला तसंच शिकवलं होतं. कालच्या पानावरून आजच्या पानावर उतरवायचं.

"बाई, तुमच्या सहीखाली माझी सही आहे," मोठे सर म्हणाले. आवाज अगदी हळू. "सुस्थितीतली वस्तू वर्षभरात धोकादायक कशी झाली, असं विचारलं तर दोघांची नोकरी जाईल."

 बाटलीची भीती वेगळी आणि ही वेगळी. दोन्ही एकदम बाळगायला जागा कुठे आहे माझ्यात?

६ मार्च

'धोकादायक' खोडून 'जुनी' लिहिलं. लाज वाटते.

७ मार्च

शिक्षण विभागाच्या कार्यालयात गेले. भाऊसाहेब, म्हणजे तिथले साठ्याचे लिपिक, माणूस चांगला. बसायला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. वाईट एवढंच की चांगल्या माणसाच्या हातातही तोच फॉर्म.

वस्तू नोंदवहीतून काढायची तर निर्लेखनाचा अर्ज. त्याला काय काय लागतं? आतल्या मालाचं आजचं वजन. झाकण उघडून आतला फोटो. आणि वस्तू समक्ष कार्यालयात आणून दाखवायची.

"भाऊसाहेब, झाकण उघडलं तर मी उरणार नाही."

"मग बंद झाकणाचा काढा. तेवढं मी सांभाळून घेतो."

"आणि समक्ष आणायची कशी?"

"पिशवीत घालून आणा ना! बाटलीच तर आहे."

मी म्हटलं, तुम्हीच कोणी येऊन बघा. तर पाहणीसाठी माणूस पाठवायला वस्तू धोकादायक असल्याचा दाखला हवा. आणि दाखला कोण देणार? पाहणीला येणारा माणूस! सांगताना भाऊसाहेबांनाच हसू आलं. मलाही आलं. दोघं हसलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते घाबरले बिचारे, पाण्याचा ग्लास पुढे केला.

येताना रस्ताभर बघत आले. खड्डे, गतिरोधक, शेजारून घासून जाणाऱ्या दुचाक्या. इथून पिशवीत घालून आणायची म्हणे!

९ मार्च, रविवार

आज सुट्टी. शाळेत कोणी नाही, म्हणजे कोणाला काही होणार नाही. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

१० मार्च

प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे सातवी ब. चोपन्न मुलं. आजवर कधी लक्षात आलं नव्हतं इतका आवाज करतात! बाक ओढतात, भिंतीवर चेंडू मारतात. धप्प झालं की माझा जीव वर. बाई तास घेत असतात आणि मी अलीकडे कपाटासमोर उभी, जणू माझ्या उभं राहण्याने काही थांबणार आहे.

मोठ्या सरांना म्हटलं, निदान सातवी ब-ला दुसरीकडे बसवा. म्हणाले, खोलीबदलाला कारण लिहावं लागतं. लिहा की! "काय लिहू, बाई? जुनी बाटली?"

माझाच शब्द माझ्या तोंडावर मारला. 

११ मार्च

दारात खुर्ची टाकून दिवसभर बसले. कोणालाही आत सोडलं नाही. शिक्षकखोलीत म्हणे चर्चा आहे, ताईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. होऊ दे. सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा, बाहेरचे परीक्षक येणार, सगळी कपाटं उघडणार. मुलं घोळक्याने आत येणार. सहा दिवस.

१२ मार्च

मोठ्या सरांनी बोलावलं. दार लोटून घेतलं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अहो, बाटल्या फुटतात कधीकधी. फुटलेल्या वस्तूचा अर्ज सोपा असतो. अर्ध्या पानाचा."

मला कळेना. मग कळलं. म्हणजे मी ती कुठेतरी नेऊन टाकायची! गुपचूप! नदीत, विहिरीत, कुठेही. मी म्हटलं, "सर, तुम्ही न्याल?" त्यांनी फाईल उघडली आणि वाचायला लागले. फाईल उलटी होती.

बाहेर मामांनी ऐकलं असावं. म्हणाले, "ताई, द्या इकडे. मी सायकलला अडकवून नेतो, तुम्ही कशाला जीव जाळता?" साठीला आलेला माणूस, दारात नातवंडं वाट बघतात. आणि मी, सांगायला नको पण इथे तरी खरं लिहायचं, एक क्षण 'बरं' म्हणणार होते. जिभेवर आलं होतं! माझ्यावरचं जाईल, बास, एवढंच डोक्यात. मग त्यांच्या सायकलची ती खुळखुळ वाजणारी साखळी आठवली.

त्यांना असं काही झापलं की ते बिचारे अजून बोलत नाहीत माझ्याशी. आणि मला बाटलीपेक्षा माझीच जास्त भीती वाटतेय.

१३ मार्च

शेवटी ह्यांना सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं, कारण हे बस चालवतात, डोक्यात काही ठेवून गाडीवर बसू नये.

सगळं ऐकून घेतलं. कानाशी धरून हलवल्याचं सांगितलं तेव्हा जेवता जेवता हात थांबला. मग म्हणाले, "बसमध्ये बेवारस पिशवी दिसली तर मी काय करतो? डेपोला अर्ज करतो?"

"काय करता?"

"गाडी बाजूला घेतो, सगळ्यांना खाली उतरवतो आणि पोलिसांना फोन करतो. पिशवीत डबा निघाला तर शिव्या खातो. आजवर पाचदा खाल्ल्या."

"माझी नोकरी जाईल हो."

"जाऊ दे. मी आहे ना." आणि ताट घेऊन उठले. इतकं सोपं! नऊ दिवस मी कोणाची परवानगी मागत होते?

१४ मार्च

केला फोन. सकाळी प्रार्थनेनंतर, मोठ्या सरांना न विचारता. आवाज असा फुटला की पलीकडच्याने तीनदा पत्ता विचारला.

अर्ध्या तासात शाळा रिकामी. सातवी ब रांगेत हसत-खिदळत मैदानापलीकडे गेली, अनपेक्षित सुट्टीच ती! बॉम्बनाशक पथकाचा प्रमुख बुटका, शांत माणूस. बाटलीवर लांबूनच प्रकाश टाकून बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "शेवटचा हात कोणी लावला?"

"मी."

"कसा?"

खरं ते सांगितलं. सगळ्यांसमोर, मोठ्या सरांसमोर, नव्या बाईंसमोर. त्याने शब्दन् शब्द लिहून घेतला.  शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वाळू भरलेल्या पेटीतून, पाऊल मोजत, मैदानाच्या टोकाला नेली. तिथेच खड्ड्यात उडवायची ठरली. सगळे जमिनीवर आडवे व्हा म्हणाले. आवाज कानाने नाही, छातीने ऐकला. तीन वर्गांच्या काचा गेल्या. एवढीशी बाटली! मामा माझ्याशेजारी आडवे होते. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

१५ मार्च

कार्यालयाला चार पानी पत्र लिहिलं. एकही शब्द मऊ केला नाही. अकरा वर्षं न बघता सह्या केल्या, हेही लिहिलं. आणि जुन्या आवकवहीत सापडलं तेही. ही बाटली आम्ही मागवलीच नव्हती. ती आली त्या वर्षी कार्यालयानेच एकगठ्ठा घेऊन एकतीस शाळांना एकेक वाटली होती. म्हणजे बाकीच्या तीस अजून कुठल्या तरी फळीवर असतील, सुस्थितीत! लिहिलं: कृपया सर्व शाळांकडे तातडीने लक्ष द्यावे.

मोठ्या सरांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. पेन उचललं, ठेवलं, उचललं. आणि सही केली! माझ्या सहीखाली.  चांगले वाटले मला मोठे सर, पहिल्यांदाच.

१८ मार्च

कारणे दाखवा नोटीस. दोघांनाही. 'परवानगी न घेता शासकीय वस्तू नष्ट केल्याबद्दल.' सात दिवसांत खुलासा. फुटलेल्या काचांचाही. धास्ती वाटते, पण ही धास्ती बसून सोसता येते. सातवी ब भिंतीवर चेंडू मारते आणि मी परीक्षानळ्यांवर क्रमांक टाकते.

२० मार्च

भाऊसाहेबांचा फोन. "ताई, तुमचं पत्र साहेबांनी स्वतः वाचलं! 'अतितातडीचे' असा शेरा मारलाय. परिपत्रक आजच निघतंय सगळ्या शाळांना. इतक्या लवकर कधी काही हललेलं मी पाहिलं नाही."

वाचलं कोणीतरी! नव्या बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी मला मिठीच मारली. घरी येऊन झोपले ती थेट सकाळी उठले.

२२ मार्च, शनिवार

परिपत्रक आमच्याकडे आज पोचलं. संदर्भ: माझंच पत्र. 'सर्व शाळांनी सदर बाटली निर्लेखनासाठी दि. २२ रोजी सकाळी ११ वाजता कार्यालयात समक्ष आणून जमा करावी. झाकण पुसून क्रमांक टाकलेला असावा.'

आत्ता पावणेअकरा. भाऊसाहेब फोन उचलत नाहीत. पोलिसांना लावला. ते विचारतात, बाटली नेमकी कुठे आहे?

तीस आहेत, आणि सगळ्या रस्त्यात आहेत!