वेबसाइटवरचा माझा फोटो

१२ जून, सकाळ
आजपासून रोज एक तास जावास्क्रिप्ट. मास्तर नको, मोबाईलवर व्हिडिओ आहेत. सायकलवर चादरी विकता विकता हिशेब शिकलो, हे तर बसून करायचं काम.
कारण सयाजीने नवी पेठेतल्या आपल्या दुकानाची वेबसाइट करायला दिलीय. 'हिंदुराव चादर भांडार'चं आता 'एचआर होम'. पोरगं हुशार. दोन अक्षरांत बाप बसवला. माझा फोटो आणि दुकान कसं उभं राहिलं ती हकिकत टाकतो म्हणालाय. माळशिरसच्या भावकीला कळवून टाकलं.

१५ जून
साइट सुरू. चादरी दिसल्या, सूनबाई दिसल्या, दुकानातला एसी दिसला. माझा फोटो मोठा असल्याने उशिरा येत असणार. चहा होईस्तोवर वाट बघितली.
आमची ही, बजाबाई, म्हणाली, सयाजीला सरळ इचारा की. म्हटलं, तो धंद्याच्या गडबडीत. तर म्हणे, व्हय, लई गडबड हाय, काल दिसभर क्रिकेट बघत हुता.
बायकांना टेक्निकल कळत नाही.

१८ जून, दुपार
मोठी प्रगती. सूनबाईंच्या लॅपटॉपवर उजवं बटण दाबून 'इन्स्पेक्ट' केलं. पानाची आतली बाजू उघडते. आत मी आहे. 'संस्थापक', खाली नाव, फोटोची फाइल, अकलूजच्या बाजारात पहिली चादर विकली तो किस्सा, शब्द न् शब्द.
भावकीच्या ग्रुपवर कळवलं. चुलतभाऊ अभिमन्यू लिहितो, दादा, आमाला काय दिसंना. तुमचं नेट हळू असणार, असं उत्तर दिलं.

२३ जून
अभ्यास राहिला. खुर्ची बरोबर नाही. उद्यापासून दोन तास.

२४ जून
खुर्ची तीच, तरी शिकलो. पानावरच्या कुठल्याही वस्तूला स्क्रिप्टने तिची स्टाइल विचारता येते. रंग कुठला, रुंदी किती, दिसायचं का नाही. माझ्या रकान्याला विचारलं: style.display? उत्तर कोरं. म्हणजे लपवा असा हुकूम कुठंच नाही. फाटकी म्हणून चिठ्ठी नसली की चादर चांगलीच असते, तसं.
चूक साइट करणाऱ्या मल्लिनाथची. उद्या फोनवर चांगलं झाडतो.

२५ जून
झाडायच्या आधीच तो म्हणाला, काका, ऊटा आयता? जेवण झालं का म्हणून विचारणाऱ्या माणसाला काय झाडणार.
कोरं उत्तर सांगितलं. तर म्हणे, काका, तसं इचारलं की वस्तूच्या अंगावर लिवलेलं तेवढंच कळतंय. हुकूम दुसऱ्या फाइलीत बी असतो की. सगळं मिळून शेवटी काय ठरलं, ते getComputedStyle सांगतंय. आणि लगेच म्हणाला, ऱ्हाऊ द्या काका, नका इचारू.
कॉम्प्युटरवाले आपली विद्या सहज देत नाहीत. मी विचारणारच.

२६ जून
विचारलं. display: none.
दाखवू नका. जागाही सोडू नका. पानावर माझ्यापुरती मोकळी जागासुद्धा नाही. वरच्या सोफा कव्हराला खालचं सोफा कव्हर चिकटून बसलंय.
जुन्या डिझाइनच्या चादरींना आपण कधी चिठ्ठी लावली नाही. माळ्यावर टाकायच्या आणि काउंटरवरच्यांना सांगून ठेवायचं. गिऱ्हाइकाने नाव घेतलंच तर 'हाय की' म्हणायचं आणि नवा गठ्ठा उलगडायचा.

संध्याकाळी सयाजी घरी आला. बजाबाईने भाकरी थापता थापता विचारलंच, काय रं, ह्यांचा फोटू कुटं हाय? तो म्हणाला, हाय की आई, साइटवर हाय. आण्णा, हे बघा, बेडशीटचा नवा माल आलाय. आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.
मी बघितला. माल चांगला आहे.

रात्री ग्रुपवर अभिमन्यूला लिहिलं, नेट तुमचं नव्हे, आमचंच हळू आहे.