पाच बोटांचा कोंबडा

प्रिय सन-इम ताई,

तुझ्या लग्नाचा हानबोक शिवून झाला का, असं आई रोज विचारते. मी लिहायला बसते, उठते, उगाच परड्यात जाऊन येते. तिथे डालग्याखाली एक कोंबडा झाकून ठेवलाय. आबांच्या नजरेला पडला तर ते लगेच ओळखतील.

गेल्या हिवाळ्यात कोंबड्यांच्या रोगाची साथ आली तेव्हा सरकारी माणसांनी गावातल्या सगळ्या कोंबड्या पोत्यात भरून नेल्या. आबांच्या वाणाचं एक पिल्लूही राहिलं नाही. म्हणूनच हादोंगच्या बाजारात त्या पिंजऱ्यापाशी माझे पाय थबकले. सोनेरी मान, काळीभोर छाती, शेपटीवर हिरवी झाक. स्वतःलाच दटावलं, असे कोंबडे गावोगाव असतात, रंगावर काय जातेस? पण त्याचा चेहरा लाल नव्हता, जांभळट होता. पिसं फुंकून पाहिली तर खाली काळीनिळी कातडी. म्हणजे काळ्या हाडाच्या जातीचं रक्त. पण ते कोंबडे पिसांनीही काळेच असतात. सोनेरी मान आली देशी कोंबड्याकडून, आणि देशी कोंबड्याची कातडी तर पिवळी असते! वर पायाला पाचवं बोट. हा मेळ आपल्या आजोबांनी जमवलेला. आबांनी त्याचं अंडंसुद्धा कुणाला दिलं नाही. तुझ्या पहिल्या लग्नात रिवाजाप्रमाणे मेजावर निळ्या-लाल कापडात गुंडाळून कोंबडा-कोंबडी ठेवली होती, ती जोडी तेवढी तुझ्या सासरी गेली.

आणि ब्योंग-हो दाजींची होडी उलटलेली सापडली, त्याच आठवड्यात ती जोडी नाहीशी झाली. रानमांजराने नेली असेल, असं आपण म्हटलं. त्यांच्याबरोबर होडीत गेलेल्या आपल्या भावाचं, सोंग-गूचं प्रेत नुकतंच किनाऱ्याला लागलं होतं, दाजींचं लागलंच नव्हतं. कोंबड्यांचा विचार करायचं भान कुणाला होतं?

मी विकणाऱ्या म्हातारीला विचारलं, "हा कोंबडा कुठला हो, मावशी?"

"वरच्या चहाच्या मळ्यातला एक जण देतो. माणसांशी बोलत नाही मेला, कोंबड्यांशी तासभर बोलेल!"

कोंबडा विकत घेतला आणि मी तशीच वर चढून गेले. कुंपणाआड तसल्याच कोंबड्या माती उकरत होत्या, आणि त्यांना दाणे टाकत होते दाजी. केस पांढरे झालेत. मला पाहून हातातलं सूप पडलं, पण पळाले नाहीत. म्हणाले, "सोंग-गूचा हात माझ्या हातातून सुटला गं. तुमच्या आईला काय तोंड दाखवणार होतो? दारापर्यंत आलो होतो. आत सन-इम रडत होती. कडीला हात लागेना. कोंबड्या उचलल्या आणि निघालो. तिला सांगू नकोस. मेलेला आहे तेच बरं."

"बरं कुणाचं? तुमचं?" मी ओरडले. ते खाली बसून दाणे वेचायला लागले.

ताई, कागदोपत्री ते गेलेले आहेत. तुझ्याशी लग्न करणारा छो साहेब भला माणूस आहे, आणि इतक्या वर्षांनी फोनवर तुझं हसू ऐकू येतंय. मी गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. पण तू नवरी होऊन उभी राहणार आणि तुझा नवरा जिवंत आहे हे फक्त मला ठाऊक असणार, हे मला सोसणार नाही. भेटायचं की नाही ते तू ठरव. येणार असलीस तर हादोंगच्या स्टँडवर मी थांबते. नाही आलीस तर पुन्हा हा विषय काढणार नाही, आणि लग्नात तुझ्या हानबोकचा घेर सावरायला मीच असेन.

तुझीच,
जोंग-रान